दुसऱ्या टोकाला कोण? : सॉकेटच्या चाचण्यांविषयी

जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८७ मध्ये आरएफसी १०२५ हे एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. इंटरनेटचे नियम ज्या मालिकेत लिहिले जातात तिच्यातलेच हे टिपण, पण यात नियम कमी आणि गुणपत्रिका जास्त. टीसीपी, म्हणजे यंत्रांमधला मजकूर क्रमाने आणि न हरवता पोचवण्याचा नियमसंच, नवा होता तेव्हा ज्याने त्याने तो आपापल्या यंत्रासाठी स्वतःच लिहिलेला होता. कोणाचा बरोबर हे ठरवायचा मार्ग एकच : सगळ्यांनी जमायचे, यंत्रे एकमेकांशी बोलायला लावायची आणि बिनसले की वाद घालायचा. पोस्टेल यांनी या मेळ्याला मुष्टियुद्धाचे वजनी गट पाडून दिले. हलक्या गटात स्वतःशीच जोडणी उघडली की १ गुण, स्वतःशी काही बोलले की १, यंत्र न कोसळता संभाषण संपवले की आणखी १. यंत्रणा पुन्हा सुरू न करता हे सारे परत जमले तर २. मधल्या गटात दुसऱ्याशी बोलायचे. वजनदार गटात मात्र खरी परीक्षा होती. बाइटचे अनुक्रमांक कमाल आकड्याला पोचून पुन्हा शून्यावर येतात तो क्षण निभावणे, तातडीचा म्हणून आलेला मजकूर नीट हाताळणे, आणि एकाच पॅकेटमध्ये सुरुवात, शेवट, तातडी, ढकल असे सगळे झेंडे लावून आलेल्या ‘कामिकाझे’ पॅकेटला तोंड देणे, या प्रत्येकाला १० गुण. प्रतिस्पर्ध्याला नियमात बसणाऱ्या ठोशांनी लोळवले तर गुण होतेच, नियमाबाहेरच्या ठोशांनी लोळवले तरीही होते. मजकूर वाटेत बिघडला का हे सांगणारा चेकसम न तपासणाऱ्याला मात्र भोपळा.

या गुणपत्रिकेत थट्टा आहे, पण पोस्टेल यांनी त्यात एक पक्की गोष्ट पकडली होती. नेटवर्कचा कोड बरोबर आहे की नाही हे त्याच्या एकट्याच्या वागण्यावरून कळत नाही. दुसऱ्या टोकाला कोण आहे आणि ते टोक किती वाईट वागू शकते, यावर सारे ठरते. आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय म्हणजे त्या मेळ्यापासून पुढे, त्या दुसऱ्या टोकाचा ताबा माणसाकडून यंत्राकडे कसा गेला, ही हकिकत.

सॉकेट म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, कर्नलने, प्रोग्रामला नेटवर्ककडे उघडून दिलेले दार. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून ४.२बीएसडी बाहेर पडली आणि तिच्याबरोबर सॉकेट, बाइंड, लिसन, अॅक्सेप्ट, कनेक्ट ही नावे आली. चाळीस वर्षे उलटली तरी लिनक्स, अँड्रॉइड, मॅक आणि थोड्या फरकाने विंडोज, सगळीकडे हीच नावे चालतात. फोनवरून पैसे पाठवा नाहीतर रेल्वेचे तिकीट काढा, तळाशी कुठेतरी कनेक्ट होतेच. म्हणून कर्नलला केल्या जाणाऱ्या या पाच-सात आवाहनांची, म्हणजे सिस्टीम कॉलांची, चाचणी करणे हे कोणा एका कंपनीचे काम राहिलेले नाही.

सर्वांत सोपी चाचणी कर्नलला मुद्दाम चुकीचे काहीतरी विचारते. न उघडलेल्या फाइलचा क्रमांक देऊन बाइंड करायला सांगा, साध्या फाइलला सॉकेट म्हणून पुढे करा, प्रोग्रामच्या मालकीचा नसलेला मेमरीतला पत्ता द्या, आणि प्रत्येक वेळी ठरलेला एररच येतो का ते पाहा. लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट या जुन्या संचात अशा चाचण्या ढिगाने आहेत. त्या हव्यातच, पण हजेरी घेऊन वर्ग शिकला की नाही ते कळत नाही.

पुढची पायरी म्हणजे एकाच यंत्रावर सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही चालवणे. १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे लूपबॅकवर, जोडणी करायची, मजकूर पाठवायचा, परत आला का बघायचे. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि फसगतही इथेच होते. लूपबॅकवर पॅकेट हरवत नाही, उशीर होत नाही, क्रम बिघडत नाही. एका पॅकेटची मर्यादा तिथे ६५,५३६ बाइट, तर साध्या इथरनेटवर १५००. कोणी ४०९६ बाइटचा संदेश पाठवला आणि समोरच्या प्रोग्रामने तो एकाच रिसीव्हमध्ये सगळा येईल असे धरून कोड लिहिला, तर लूपबॅकवर तो बहुधा सगळाच येतो आणि चाचणी पास होते. खऱ्या तारेवर त्याच संदेशाची तीन पॅकेटे होतात, पहिल्या रिसीव्हला कदाचित १४४८ बाइट मिळतात, आणि उरलेला मजकूर पुढच्या संदेशाच्या डोक्यावर जाऊन बसतो. टीसीपी बाइटांचा ओघ पोचवण्याची हमी देतो, संदेशांच्या सीमा जपण्याची नाही. हे पाठ्यपुस्तकात असते, पण लूपबॅकवरची चाचणी ते विसरायला लावते.

यावर लिनक्समध्ये उत्तम सोय आहे : नेटवर्क नेमस्पेस. एकाच लॅपटॉपच्या पोटात दोन वेगळी नेटवर्क-घरे उभारता येतात, प्रत्येकाचे पत्ते, मार्ग आणि पोर्ट स्वतंत्र. व्हेथ नावाच्या आभासी तारेने ती जोडायची आणि नेटएम नावाच्या यंत्रणेला सांगायचे की या तारेवर शंभर मिलिसेकंदांचा उशीर कर, शंभरातली दोन पॅकेटे टाकून दे, काहींचा क्रम बदल. यूझर नेमस्पेसमुळे हे सारे बहुधा रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराशिवायही जमते, आणि चाचणी संपली की ती घरे मागमूस न ठेवता नाहीशी होतात. (व्हेथवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तीही कामचुकार आहे. मोठे पॅकेट न कापताच पलीकडे सरकवते. कापाकापीच तपासायची असेल तर कापणे पुढे ढकलणारी ऑफलोडची सोय आधी बंद करावी लागते.)

जागेचा प्रश्न असा सुटला तरी वेळेचा उरतोच. सॉकेटच्या चाचण्या बिघडतात त्या बहुतेक वेळा वेळेपायी. एक नेहमीचा नमुना घ्या. शेल स्क्रिप्टमध्ये सर्व्हर मागे सोडलेला असतो, पुढच्या ओळीत एक सेकंद थांबा असे लिहिलेले असते आणि त्यानंतर क्लायंट जोडणी करतो. लिहिणाऱ्याच्या यंत्रावर सर्व्हर दहा मिलिसेकंदांत तयार होतो, म्हणून सेकंदभर म्हणजे चैन वाटते. मग तीच चाचणी शंभर कामांच्या गर्दीत, मेमरीच्या चुका शोधणारे जड कर्नल घेऊन, आभासी यंत्रावर चालते, आणि सर्व्हर सेकंदाच्या आत उठत नाही. जोडणी नाकारली जाते, चाचणी फेल होते, कोणीतरी अर्धा दिवस घालवून बघतो तर बग कुठेच नाही. असे पाच वेळा झाले की लोक त्या लाल खुणेकडे बघणेच सोडतात, आणि सहाव्या वेळी खरा बग आलेला असतो. कधी पास, कधी फेल होणारी चाचणी नसलेल्या चाचणीपेक्षा वाईट. नसलेली निदान कोणाची दिशाभूल तरी करत नाही.

लिनक्स कर्नलच्या स्वतःच्या नेटवर्क चाचण्यांमध्ये यावर एक छोटे साहाय्यक फंक्शन आहे. ते झोपत नाही, बघते. लिनक्समध्ये /प्रॉक/नेट/टीसीपी ही फाइल उघडली की यंत्रावरच्या टीसीपी सॉकेटांची यादी दिसते, एका ओळीत एक. पत्ता सोळाच्या पायात आणि बहुतेक यंत्रांवर उलटा लिहिलेला असतो, त्यामुळे १२७.०.०.१ तिथे ०१००००७एफ असा दिसतो. कोलनपुढे पोर्ट : ८०८० चे १एफ९०. थोडे पुढे अवस्थेचा रकाना, त्यात ०ए असेल तर सॉकेट कान देऊन बसला आहे, म्हणजे लिसन झाले आहे. फंक्शन एवढेच करते : हवा तो पोर्ट आणि ०ए अशी ओळ येईपर्यंत फाइल पुन्हा पुन्हा वाचते, आली की पुढे जाते, ठरलेल्या मर्यादेत आली नाही तर सोडून देते. वेगवान यंत्रावर यात क्षणही जात नाही, मंद यंत्रावर लागेल तेवढा जातो. आंधळेपणाने सेकंदभर थांबणे आणि हे, यांत कौशल्याचा फरक फार नाही. आळसाचा आहे.

पोर्टचीही अशीच कटकट. चाचणी एकदा पास होते आणि लगेच पुन्हा चालवली की ‘पत्ता आधीच वापरात आहे’ म्हणून अडते. जोडणी आधी बंद करणाऱ्याचा सॉकेट लिनक्समध्ये ६० सेकंद टाइम-वेट अवस्थेत राहतो, रस्त्यात रेंगाळणारी जुनी पॅकेटे नव्या जोडणीत घुसू नयेत म्हणून. हा बग नव्हे, शहाणपणा आहे. चाचणीने पोर्ट ० मागावा, कर्नल मोकळा पोर्ट देईल, तो कोणता मिळाला ते विचारून घ्यावे. नाहीतर दर वेळी कोरी नेमस्पेस उभारावी.

इथवर दुसरे टोक हेही एक शिस्तशीर कर्नलच होते. पण शिस्तशीर कर्नल मुद्दाम चुकीचा अनुक्रमांक पाठवत नाही, पोच द्यायची टाळत नाही. तसे वागणारे टोक हवे असेल तर ते नाटकात उभे करावे लागते. गूगलमधल्या नील कार्डवेल, युचंग चेंग, नंदिता डुक्किपाटी आणि सहकाऱ्यांनी यासाठी पॅकेटड्रिल लिहिले आणि २०१३ च्या युझनिक्स परिषदेत ते मांडले. ते लिनक्सवर चालते, आणि फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडीवरही.

पॅकेटड्रिलची संहिता नाटकाच्या संहितेसारखी वाचता येते. पहिल्या ओळीत सॉकेट मागितला जातो आणि उत्तर ३ आलेच पाहिजे असे लिहिलेले असते, कारण ०, १, २ हे क्रमांक आधीच गेलेले असतात. मग बाइंड, लिसन, दोन्हींचे उत्तर ०. नंतर डावीकडे तोंड केलेला बाण : बाहेरून सिन, म्हणजे जोडणी मागणारे, पॅकेट आले. खरे तर बाहेर कोणीच नसते, पॅकेटड्रिल ते टन नावाच्या आभासी उपकरणातून कर्नलच्या नाकासमोर टाकते. पुढच्या ओळीत उजवीकडचा बाण : कर्नलने तत्क्षणी सिन-अॅक पाठवलेच पाहिजे. मग शंभर मिलिसेकंदांनी बाहेरून पोच येते, आणि अॅक्सेप्टचे उत्तर ४. प्रत्येक ओळीला तिची वेळ, आणि मूळ मांडणीत मागेपुढे ४ मिलिसेकंदांची मुभा. पॅकेट आले नाही, उशिरा आले, किंवा त्यातला एखादा आकडा वेगळा निघाला तर चाचणी फेल, आणि नेमके काय अपेक्षित होते व काय आले ते शेजारी शेजारी छापले जाते.

आता यातली पोचेची ओळ काढून टाका. समोरचा माणूस दार वाजवून पळून गेला आहे. कर्नलने साधारण एका सेकंदाने सिन-अॅक पुन्हा पाठवायला हवे, त्यानंतर आणखी दोन सेकंदांनी, मग चार. हे लूपबॅकवर दोन खरी टोके ठेवून तपासून बघा, घाम फुटेल. पॅकेटड्रिलमध्ये तीन ओळी. गूगलच्या मंडळींनी टीसीपीत घातलेल्या कितीतरी सुधारणा, पहिल्याच पॅकेटबरोबर मजकूर नेणारे फास्ट ओपन, शेवटची पॅकेटे हरवली की लवकर सावरणारा टेल लॉस प्रोब, अशाच ओळींवर घासून निघाल्या आहेत. २०२४ पासून यातल्या चाचण्या कर्नलच्या स्वतःच्या चाचणीसंचातही येऊ लागल्या.

तरीही चाचणी तेवढेच विचारते जेवढे लिहिणाऱ्याला सुचते. लिनक्समध्ये २०११ साली पिंग सॉकेट आले. पिंग करायला रूटचा अधिकार लागू नये हा हेतू, आणि तो रास्तच होता. २०१५ मध्ये त्यात सीव्हीई-२०१५-३६३६ ही खोट उघड झाली. जोडलेला डेटाग्राम सॉकेट सोडवायचा असेल तर कनेक्टलाच ‘पत्ता नाही’ अशा कुटुंबाचा पत्ता देतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेली, पण क्वचितच वापरली जाणारी वाट. पिंग सॉकेट असा सोडवला की कर्नल त्याला आपल्या यादीतून काढत असे, पण यादीत असल्याची खूण नीट पुसत नसे. त्यामुळे तो अजून यादीत आहे असाच कर्नलचा समज राही. पुन्हा सोडवायला सांगितले की यादीतून दुसऱ्यांदा काढायला जाई, आणि तेव्हा त्याच्या हातात असे तो ‘इथे जाऊ नका’ म्हणून ठेवलेला २००२०० (सोळाच्या पायात) या पत्त्याकडे बोट दाखवणारा विषारी पॉइंटर. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर हा पत्ता साध्या प्रोग्रामला स्वतःच्या मेमरीत मांडून ठेवता येत होता. सॉकेट उघडा, जोडा, सोडा, पुन्हा सोडा : एवढ्यावरून फोनचा रूट मिळवणारे प्रोग्राम निघाले. दुरुस्ती एका ओळीची होती. चाचणीही फार तर दहा ओळींची झाली असती. उघडणे, वापरणे, बंद करणे एवढेच तपासणाऱ्याला ती सुचली नसती.

इथे खोड आपल्याच टोकाची होती. दुसऱ्या टोकाची खोड किती महाग पडते ते १७ जून २०१९ ला दिसले. नेटफ्लिक्सचे जोनाथन लूनी यांनी शोधलेल्या त्रुटी त्या दिवशी जाहीर झाल्या. त्यातली सर्वांत घातक ‘सॅक पॅनिक’ म्हणून ओळखली जाते (सॅक म्हणजे निवडक पोच). हिशेब पाहण्यासारखा आहे. जोडणीच्या वेळी समोरचा सांगतो की माझ्या एका पॅकेटात जास्तीत जास्त इतके बाइट घाल. लिनक्स हा आकडा ४८ पर्यंत खाली जाऊ देत असे. त्यातले ४० टीसीपीच्या पर्यायांनी खाल्ले तर मजकुराला उरतात ८. इकडे कर्नल पाठवायचा माल ज्या गाठोड्यात बांधतो त्यात १७ तुकडे मावतात, प्रत्येक ३२ किलोबाइटपर्यंत. १७ गुणिले ३२ गुणिले १०२४ म्हणजे ५,५७,०५६ बाइट. आठ-आठने वाटले तर ६९,६३२ पॅकेटे. आणि गाठोड्यात किती पॅकेटे आहेत हे मोजायला ठेवलेला आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ च्या पुढे मोजताच येत नाही. समोरच्याने तेवढा कंजूष आकडा सांगून निवडक पोच नीट रचून पाठवल्या की आकडा उलटतो, कर्नलमधली एक पडताळणी खोटी ठरते आणि यंत्र तिथेच कोसळते. पासवर्ड नको, लॉगिन नको. २००९ च्या २.६.२९ पासूनची कर्नले या त्रुटीच्या टप्प्यात होती.

पोस्टेल यांच्या गुणपत्रिकेत हा नियमात बसणारा ठोसा गणला गेला असता, कारण त्यातले एकही पॅकेट बेकायदा नव्हते. आठ बाइटांचे पॅकेट चालते, सतरा तुकड्यांचे गाठोडे चालते, निवडक पोचही चालते. तिन्हींचा मेळ दहा वर्षे कोणी एका चाचणीत घातला नव्हता, एवढेच.

याच्या पुढचा अंक कमी ठाऊक आहे, पण चाचणी लिहिणाऱ्यांसाठी तोच जास्त मोलाचा. त्याच दिवशीच्या एका दुरुस्तीने गाठोडी फोडताना किती मेमरी वापरता येईल यावर मर्यादा घातली. ती मर्यादा पाठवण्याच्या बफरच्या मापाशी बांधलेली होती. काही प्रोग्राम हे माप मुद्दाम फार लहान ठेवतात, आणि त्यांच्या जोडण्या अडकून पडू लागल्या. हल्लेखोर कुठेच नव्हता, दुरुस्तीनेच माल अडवला होता. एरिक ड्युमाझे यांनी काही दिवसांतच ती मर्यादा सैल करणारा पॅच दिला. घाईची सुरक्षा-दुरुस्ती करताना चाचणीला वेळ कुठून आणायचा, असे विचारले जाते. लहान बफरची चाचणी आधीपासून पडून असती तर वेळ आणावाच लागला नसता.

माणसाला न सुचणारे मेळ घालण्याचे काम आता यंत्रेही करतात. गूगलच्या दिमित्री व्युकोव यांनी सुरू केलेला सिझकॉलर कर्नलला सतत अडाणी आवाहने करत राहतो, जोड, सोड, पुन्हा जोड, अर्धवट पर्याय दे, आणि कर्नल कोसळला की तो ज्यामुळे कोसळला तो छोटा प्रोग्राम काढून देतो. २०१७ मध्ये आंद्रेय कोनोवालोव यांनी याच साधनाने डीसीसीपी या फारशा न वापरल्या जाणाऱ्या प्रोटोकॉलमधली एक खोट शोधली. तो कोड २००५ पासून कर्नलमध्ये होता. सिझकॉलरला दमायचे माहीत नाही हे खरे, पण बरोबर काय हेही त्याला माहीत नाही. यंत्र कोसळले की तो ओरडतो. पॅकेट दोन सेकंदांऐवजी तीन सेकंदांनी गेले तर गप्प बसतो. त्यामुळे पॅकेटड्रिलची जागा तो घेऊ शकत नाही, आणि घेईल अशी आशा धरणाऱ्यांनी चाचण्या लिहिणे थांबवू नये.

कर्नलच्या नेटवर्क विभागाने हे मनावर घेतलेले दिसते. तिथल्या लेखी नियमांत आता म्हटले आहे की चाचण्या कोडबरोबर, एकाच मालिकेत याव्यात. पाठवलेल्या पॅचवर यंत्रे आपोआप चाचण्या चालवतात आणि निकाल सगळ्यांना दिसतो. ‘माझ्याकडे तर चालते’ या वाक्याची किंमत तिथे झपाट्याने उतरली आहे.

सभागृहात संगणकशास्त्र शिकणारी मुले-मुली असतील, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पुन्हा एखादे ग्रंथालय-व्यवस्थापन किंवा हजेरीचे अॅप त्यांच्या मनात असेल. त्याऐवजी लिनक्स कर्नलचा उघडा कोड उतरवून घ्यावा आणि टूल्स, टेस्टिंग, सेल्फटेस्ट्स, नेट या फोल्डरात शिरावे. आभासी यंत्रावर त्या चाचण्या चालवाव्यात, कारण काही चाचण्या यंत्राच्या सेटिंगला हात लावतात. कुठे अजून आंधळे थांबणे लिहिलेले आहे ते शोधावे आणि तिथे खरी वाट बघणे घालावे. एखाद्या सॉकेट पर्यायाला चाचणीच नसेल तर ती लिहावी, आधी कर्नल मुद्दाम बिघडवून ती फेल होते ना हे बघावे, आणि मगच देखभाल करणाऱ्यांकडे पाठवावी. परवानगी कोणाचीच लागत नाही. पॅच चांगला असेल तर तो स्वीकारला जातो, आणि लिहिणाऱ्याचे नाव कर्नलच्या इतिहासात कायमचे नोंदले जाते.